लहानू येळणेनं लिहिलेलं कारण

सेलूचा लहानू येळणे पंचवीस वर्षं ट्रक चालवत होता, आणि त्याला विचाराल तर त्यातली पहिली तेवीसच खरी. तेव्हा तो हिंगणघाटच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून हैदराबादकडे न्यायचा. काम ढोरमेहनतीचं, झोपेचा पत्ता नाही. पण गाडी भरेपर्यंत ड्रायव्हरनं कुठं बसावं, कुठं आडवं व्हावं, हे कोणी शिकवत नव्हतं. जिनिंगच्या मागे मोकळं रान होतं आणि पुढे चहाची टपरी. बस, आणखी काय लागतं माणसाला?

२००७ साली वर्ध्यात मॉल झाला. लहानूच्या ट्रान्सपोर्टवाल्याला तिथलं काम मिळालं. सकाळी नागपूरकडच्या गोदामातून तेल, साबण, बिस्किटं आणायची आणि संध्याकाळी घरी. त्याची बायको कौशल्याबाई खूश झाली. पण मॉलच्या मागच्या आवारात काय चालतं, हे तिला कुठं ठाऊक!

तिथं शिरलं की गार्ड लायसन्स ठेवून घ्यायचा आणि नंबर द्यायचा. नंबर येईपर्यंत कॅबिन सोडायची नाही, कारण पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची. कधी दोन तास, कधी चार. गाडी सोडली की एक फॉर्म भरायचा. तीन फॉर्म झाले की ड्रायव्हर बंद. आत नोकरांसाठी मुतारी होती, पण ड्रायव्हर मॉलचे नोकर नव्हते, ते ट्रान्सपोर्टचे! आधी लोक मागच्या भिंतीशी उरकायचे. शेजारच्या कॉलनीनं बोंब मारली, तीही काही चुकीची नव्हती. मग मॅनेजरनं काय करावं? सगळ्या भिंतीला देवांच्या टाइल्स चिकटवल्या. गणपती, साईबाबा, बुद्ध, क्रूस, मक्का, एवढंच काय, गिरडचा दर्गासुद्धा. हातभर जागा सोडली नाही पठ्ठ्यानं.

मग ड्रायव्हर लोकांनी पाणीच पिणं सोडलं. सकाळचा चहासुद्धा अर्धा कप. लहानूनंही वर्षभर तेच केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा वाटेतच कमरेतून अशी कळ आली, की त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. मुतखडा निघाला. "रोज चार लिटर पाणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही प्यायलात तर किडनी जाईल."

कौशल्याबाईनं गाडीत पाण्याची कॅन ठेवली. "प्या जी. तो मॅनेजर नाई येणार दवाखान्यात तुमाले पाहाले."

लहानू प्यायला. त्या दिवशी त्याचा नंबर सहावा होता. बारा वाजता त्याला राहवेना. त्यानं गार्डला आतल्या मुतारीचं विचारलं.

"काका, माही नोकरी जाईन ना!"

लहानूनं भिंतीकडे पाहिलं. सगळे देव त्याच्याकडेच पाहत होते. तो उतरला, वळसा घालून पुढच्या दारानं गिऱ्हाईक होऊन आत गेला. दारातल्या माणसानं "वेलकम सर" म्हणत सलाम ठोकला. गिऱ्हाइकांची मुतारी पांढरीशुभ्र, थंडगार. तो परत आला तोवर त्याचा नंबर पुकारून झाला होता आणि मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न वाजवत होत्या.

मॅनेजर निशांत तिशीतला, वर्ध्यातल्याच एका मास्तरांचा मुलगा. माणूस वाईट नव्हता. त्यानं फॉर्म पुढे केला. 'गाडी सोडण्याचे कारण' असं छापलेलं होतं, तिथं लहानूनं लिहिलं: लघवीला गेलो.

"काका, असं नका लिहू. टायर पंक्चर होतं लिहा. तो फॉर्म तिनात धरत नाहीत."

"पंक्चर झालंच नाई, तं काऊन लिहू?"

"अहो, वरचे लोक वाचतात हे. मलाच विचारतील."

"मंग विचारू द्या ना!"

निशांत आवाज खाली आणून म्हणाला, "मुतारीसाठी दोनदा लिहिलं मी. ड्रायव्हर आपले नाहीत, असं उत्तर आलं."

दुसऱ्या दिवशी तेच झालं, दुसरा फॉर्म भरला. त्या रात्री लहानूला झोप लागेना. तिसरा फॉर्म म्हणजे घरी बसणं. पन्नाशीत कोण काम देणार? लेक दिपालीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. पंक्चर लिहिलं की भागत होतं. पण मग उद्याही पंक्चर, परवाही पंक्चर. आणि वरच्यांना जन्मात कळायचं नाही, की खाली माणसं आहेत. याचाच त्याला राग येत होता.

तिसऱ्या दिवशीही लहानू आत जाऊन आला, तेव्हा निशांतनं फॉर्म स्वतःच भरून आणला. कारण: पंक्चर. फक्त सही हवी होती. लहानूनं पेन घेतलं. मग त्यानं पंक्चर खोडलं, वर 'लघवी' लिहिलं आणि सही केली.

"उद्यापासून येऊ नका, काका," निशांत लायसन्स देत म्हणाला. त्याला ते बोलवत नव्हतं.

मागच्या गाडीतून किसनराव ड्रायव्हर ओरडला, "लहानू, काय लिहिलं बे?"

"तेच."

किसनरावनं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा संपवली. दार आपटून खाली उतरला आणि पुढच्या दाराकडे चालू लागला. त्याच्यामागे दुसरं दार आपटलं, तिसरं, चौथं. स्पीकरवर नंबर चार पुकारला. मग पाच. मग सहा. एकाही कॅबिनमध्ये माणूस नव्हता. लहानू लायसन्स हातात घेऊन उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले. असल्या गोष्टीवरून रडू यावं, याची त्याला लाजही वाटली.

दिवाळीआधी किसनराव सेलूला थांबला. लहानू तेव्हा शाळेची व्हॅन चालवत होता, निम्म्या पगारावर.

"मुतारी झाली बे. पत्र्याची हाय, पण झाली."

"नळाले पाणी येते का?"

"येते."

"मंग ठीक," लहानू म्हणाला. त्याला मॉलनं काही परत बोलावलं नाही.