आर्डिथ मावशीचा कोपरा

आमच्या टिल्डन ग्रोव्हमध्ये चारचौघांत राजकारण बोलणं म्हणजे पाहुणा म्हणून जाऊन दुसऱ्याचा फ्रीज उघडण्यासारखं समजतात. पण चार वर्षांतून एकदा, जानेवारीतल्या एका संध्याकाळी, डेमोक्रॅटिक पक्षाची सगळी माणसं शाळेच्या जेवणाच्या खोलीत जमतात आणि एकमेकांचे फ्रीज खुशाल उघडतात.

अमेरिकेतल्या आमच्या या आयोवा राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवताना गुप्त चिठ्ठी नसते. ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. तुमचा दंतवैद्य समोरच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघत असतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच्यापुढे तोंड उघडायचं असतं. ज्या कोपऱ्यात जमलेल्यांपैकी शेकडा पंधरासुद्धा गोळा होत नाहीत, तो कोपरा मोडतो. मोडलेल्यांना ओढून न्यायला मग बाकीचे कोपरे धावतात.

अशा सभेत आमची आर्डिथ मावशी उमेदवार नसूनही उमेदवारापेक्षा जास्त घाबरवायची.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. आर्डिथ त्यार्क्स. नवरा गेल्यावर तिनं शेत भाड्यानं दिलं, पण शाळेची बस काही सोडली नाही. गावात चाळिशीच्या आतलं जे कुणी आहे, ते तिच्या बसमधून गेलेलं आहे, आणि प्रत्येकाची एकेक गोष्ट तिला ठाऊक आहे, जी त्याच्या बायकोला ठाऊक नाही. बसमध्ये दंगा झाला तर ती ओरडत नसे. मक्याच्या शेतात बस उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि आरशात बघत बसायचं. हिवाळ्यात हीटर बंद पडला की आमची लोकशाही आपोआप सुरळीत चालू व्हायची.

ज्या जानेवारीची ही गोष्ट, तेव्हा इराकचं युद्ध सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या जिल्ह्यातली नॅशनल गार्डची तुकडी, म्हणजे महिन्यातले दोन दिवस कवायत करून उरलेले दिवस गोदामात आणि गॅरेजात काम करणारी पोरं, वाळवंटात गेली होती. त्यातली चार मावशीच्या बसमधली. ज्यांना तिसरीत असताना ती मोजे घातलेत का विचारायची, ती पोरं आता ट्रक हाकत होती, आणि रस्त्यात स्फोट होत होते. तिला एकच गोष्ट हवी होती. पोरांना पाठवणं चूक होतं, हे या गावानं आपल्या तोंडानं म्हणावं. गावानं, टीव्हीनं नव्हे.

म्हणून ती गव्हर्नर प्रुएटच्या बाजूला गेली. युद्धाला पहिल्या दिवसापासून नाही म्हणणारा तेवढा एकच उमेदवार. दिसायला वैतागलेल्या औषधवाल्यासारखा, भाषणं रटाळ. गावातली बहुतेक माणसं मात्र सिनेटर केसलरच्या मागे. उंच, देखणा, सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूनं मत दिलेला, आणि आता "माझी दिशाभूल झाली" असं सांगत फिरणारा. त्याच्या कोपऱ्याचा म्होरक्या मर्ल, मावशीचा दीर, शाळेतला निवृत्त नागरिकशास्त्राचा मास्तर.

त्या संध्याकाळी मावशी खजुराच्या वड्यांचा मोठा ट्रे घेऊन आली आणि आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. कॉफीचं मोठं भांडंही त्याच टेबलावर होतं. मर्ल लगेच आला.

"आर्डिथ, ही लाच आहे."

"खाऊन बघ. लाच असती तर लोणी जास्त घातलं असतं."

"अगं, माणसानं चूक कबूल केली, हे कधी बघितलंस राजकारणात? केसलरनं केली."

"चूक कबूल केली की वारा बघितला?"

"आणि तुझा प्रुएट? त्याला मत द्यायचंच नव्हतं. गव्हर्नरला युद्धावर मत असतं का? मैदानाबाहेर बसून मीसुद्धा कधी झेल सोडला नाही."

"मैदानाबाहेर बसून नको म्हणाला ना? मैदानात असलेला हो म्हणाला. मला त्याचं ते हो जास्त लागलं."

"पण हा निवडून येणार आहे का? एवढंच सांग मला."

"मर्ल, सगळे जण निवडून कोण येणार याचाच अंदाज करत बसले, तर निवडायचं कुणी?"

मर्लनं वडी खाल्ली. वड्यांबद्दल मतभेद नव्हता.

इतक्यात सभेच्या अध्यक्ष ग्लेनिसनं घंटा वाजवली. ग्लेनिस पोस्टात असते, आणि शिक्का मारल्यासारखी बोलते. "कोपरे धरा! टिकायला दहा माणसं लागतील. प्रत्येकानं क्रमानं आकडा म्हणायचा, मोठ्यानं."

केसलरचा कोपरा कॅफेटेरियाच्या अर्ध्या भागात पसरला. कामगार संघटनेवाल्यांनी तिसऱ्या उमेदवारासाठी दुधाच्या फ्रीजजवळची जागा धरली. आमच्या कोपऱ्यात मावशी, ग्रंथालयातल्या दोघी, एक निवृत्त पाद्री, त्याची बायको, कॉलेजातून सुट्टीवर आलेले तिघे आणि मी. मी युद्धाविरुद्ध होतोच, पण मावशीविरुद्ध जायची त्याहून जास्त भीती होती.

मोजणी सुरू झाली. पाद्रीबाबा "एक". मग दोन, तीन. मी "आठ". मावशी "नऊ". आणि मग सगळ्यांचे डोळे तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या लॉवेल ब्रुन्सकडे वळले. लॉवेल डुकरं पाळतो आणि दिवसाला साधारण अकरा शब्द बोलतो. हातात कॉफीचा कागदी पेला, तोंडात वडीचा तुकडा. सगळे बघतायत, आपली पाळी आलीय, आणि इतक्या माणसांना ताटकळत ठेवणं बरं नाही.

"दहा," लॉवेल म्हणाला.

कॉलेजातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. ग्रंथालयातल्या एकीनं मला मिठी मारली. ग्लेनिसनं फळ्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं, प्रुएट दहा, कोपरा टिकला. समोरून मर्लचा चेहरा पडलेला दिसला, आणि मला, खरं सांगतो, तो चेहरा फार गोड वाटला.

मावशी तेवढी हसत नव्हती. ती लॉवेलकडे बघत होती. लॉवेलचा मुलगा कोडी त्या चौघांतला एक. लॉवेल आयुष्यात प्रुएटच्या कोपऱ्यात उभा राहणार नाही, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि लॉवेललाही, फक्त त्याच्या तोंडात वडी होती.

"मावशी," मी कुजबुजलो, "गप्प बस. आकडा फळ्यावर गेलाय."

"त्यानं स्वतःच म्हटलंय," पाद्रीबाबा म्हणाले. पाद्रीबाबा!

मावशी वळली. "लॉवेल, तू प्रुएटसाठी उभा आहेस का?"

लॉवेल लालभडक झाला. "मी कॉफीला आलो होतो."

"मग दहा का म्हणालास?"

"तू नऊ म्हणालीस." तो पेल्यात बघत राहिला. "मोडायचं बरं वाटेना. आता राहू दे, आर्डिथ. चालेल मला."

"तुला चालेल. पण उद्या कोडीनं विचारलं, बाबा कुठल्या कोपऱ्यात होते, तर?"

तिनं त्याला आणखी एक वडी दिली आणि समोरच्या कोपऱ्याकडे मानेनं खूण केली. तो गेला. मग ती ग्लेनिसला म्हणाली, "नऊ लिही."

"आर्डिथ, मी पेननं लिहिलंय."

"मग पेननंच खोड."

आमचा कोपरा मोडला. त्या क्षणी मला मावशीचा इतका राग आला की मी एकदम तीन वड्या खाल्ल्या. कॉलेजातली एक पोरगी रडायला लागली. मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण माफी मागितली नाही.

मग मर्ल आला, अगदी गोड होऊन. कोपऱ्यातल्या डोक्यांच्या प्रमाणात जिल्ह्याच्या सभेला प्रतिनिधी जातात, आणि आणखी एक प्रतिनिधी मिळवायला त्याला आमची माणसं हवी होती.

"या आमच्यात. केसलर आता युद्धाविरुद्धच आहे, जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे... परिस्थितीनुसार."

"आम्ही येतो," मावशी म्हणाली, "पण तुमच्या उमेदवाराची परिस्थिती नको. मी एक ठराव आणलाय. प्रतिनिधी निवडले की तुम्ही सगळे कोट घालून घरी पळता आणि ठराव वाचायला ग्लेनिस आणि चौकीदार उरतात. आज कुणी पळायचं नाही. सगळ्यांनी बसायचं, ऐकायचं आणि हात वर करायचे किंवा खाली ठेवायचे. तुझ्या माणसांना तू बसवायचं."

"बाहेर बर्फ पडतोय, आर्डिथ."

"वाळवंटात नाही पडत."

मर्लनं मान हलवली. तीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस, दारात जाऊन उभा राहिला आणि कोट घालणाऱ्या प्रत्येकाला परत बसवलं. आमच्यातला एक कॉलेजवाला "केसलरच्या कोपऱ्यात मेलो तरी उभा राहणार नाही" म्हणून मर्लच्या काखेखालून निघून गेला. बाकीचे आम्ही केसलरच्या कोपऱ्यात गेलो. मर्लनं मावशीला केसलरचं स्टिकर दिलं. तिनं ते नीट सोलून पर्सच्या तळाला चिकटवलं.

शेवटी ठराव. मावशीनं चष्मा लावून वाचला. युद्ध चुकीच्या कारणांनी सुरू झालं. सैनिकांना परत आणावं. परत आल्यावर त्यांच्या औषधपाण्याचं बघावं. आणि शेवटचं वाक्य, "या युद्धात आपल्या मुलांचे प्राण वाया घालवले जात आहेत."

मग खुर्ची सरकली. लॉवेल उभा राहिला होता. तो सभेत उठून बोलतोय, हे बघून ग्लेनिसच्या हातातली घंटा तशीच राहिली.

"ते शेवटचं," तो म्हणाला. "ते काढ."

"का, लॉवेल?"

"कोडी शवपेटीतून आला, तरी मला रोज सकाळी उठून डुकरांना चारा घालायचाय. वाया, असं डोक्यात घेऊन मला उठता येणार नाही. तो तिथं दुसऱ्या पोरांना पाणी पोचवतो. ते वाया नाही."

कॉलेजातली पोरगी पुटपुटली, "पण ते खरंच आहे." तिला वाटलं असावं, मावशी आता लॉवेलला उलटून बोलेल. मर्ललाही तसंच वाटलं असावं, तो मधे पडायला पुढे झाला. त्या वाक्यासाठीच मावशीनं तो सगळा ठराव लिहिला होता. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर ती तेच घासत बसली होती, मी बघितलं होतं.

मावशीनं कागदावर बोट फिरवत ते वाक्य परत एकदा वाचलं.

"लॉवेल, पाठवणाऱ्यांनी चूक केली, हे ठेवू?"

"ते ठेव."

तिनं पर्समधून पेन काढलं आणि शेवटचं वाक्य खोडलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तो बरोबर आहे. मी पोरांबद्दल लिहायला बसले आणि रागाबद्दल लिहून आले."

मत झालं. बरेच हात वर गेले, केसलरवाल्यांचेही, काही संघटनेवाल्यांचेही. मर्लचा हात आधी कानाला गेला, मग वर गेला. लॉवेलनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. विरोधात कोण विचारल्यावरही ते तिथंच होते. ठराव मंजूर. तो जिल्ह्याला जाणार, तिथं असल्याच ठरावांच्या गठ्ठ्यात पडणार, हे नागरिकशास्त्राच्या मास्तरला सगळ्यांत जास्त माहीत होतं. तरी तो टाळ्या वाजवत होता.

लोक निघाले. लॉवेल टोपी हातात घेऊन मावशीपाशी आला.

"त्याची एक प्रत देशील? कोडीला पाठवतो."

"चिडेल तो."

"चिडेल."

"आणि मग?"

"मग तुझं नाव सांगेन."

मावशी परत खुर्चीत बसली. मूळ कागद जिल्ह्याला द्यायचा होता, म्हणून तिनं अख्खा ठराव दुसऱ्या कागदावर हातानं उतरवला, सावकाश, पोरांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. लॉवेल कोट घालून शेजारी उभा राहिला. शेवटी तिनं खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली घरचा पत्ता आणि फोन नंबरही घातला, म्हणजे शिव्या घालायच्या असतील तर पोराला शोधत बसायला नको.