बाबनरावांची करवत लेहले जाते

चूक माझी होती. आधीच सांगून टाकतो, नाहीतर बाबनराव सांगतीलच, आणि ते सांगायला लागले की माझी अक्कल होती त्यापेक्षाही लहान करून सांगतात.

मी नागपूरजवळच्या कुहीचा. शाळा तिथलीच. आमचे मराठीचे सर वर्षानुवर्षं एकाच गोष्टीसाठी घसा कोरडा करत होते: मले, तुले, त्याले म्हणू नका, मला, तुला, त्याला म्हणा. सर निवृत्त झाले, आमचं 'ले' काही निवृत्त झालं नाही. तेच सोबत घेऊन मी नागपूरला आलो आणि नंदनवन भागातल्या एका टूरवाल्याच्या ऑफिसात तिकिटं काढायला लागलो.

गेल्या मे महिन्यात बाबनराव धकाते ऑफिसात आले. वय बासष्ट, पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी छोटी कात्री. तांडापेठेत घर आणि घराच्या पुढच्या खोलीत हातमाग. करवतकाठी साडी विणणारा त्यांच्या गल्लीतला हा शेवटचा माणूस. करवतकाठी म्हणजे साडीचं अंग कोशाच्या, म्हणजे टसरच्या फिकट सोनेरी रेशमाचं आणि काठाला करवतीसारखे दात. आडवं सूत नेणारा धोटा फेकत बारा मोजायचे की दात चढतो, बारा मोजायचे की उतरतो. चाळीस वर्षं बाबनराव बाराच मोजत आले. त्यांना झोपेत उठवून मुलं किती विचारलं तर बारा सांगतील, असं त्यांची बायको प्रयागबाई म्हणते. मुलगा एकच आहे, सौरव.

तर अडचण अशी होती. त्यांच्या साड्या इतवारीच्या बाजारात श्वेता नावाची मुलगी घेते. वडिलांचं कापडाचं दुकान आता तीच बघते. तिने सांगितलं होतं की काका, तीच करवत किती वर्षं विकायची, पोळ्यापर्यंत नवा काठ दाखवा, नाहीतर पुढचा माल घेणं मला जमणार नाही. तिच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही. माल बंद म्हणजे माग बंद. आणि सौरव तर त्या खोलीचं माप घेऊन बसला होता. मागाच्या जागी वॉशिंग मशीन बरोबर बसत होतं, वर आणखी एक खुर्ची राहत होती.

बाबनरावांनी ठरवलं की नर्मदेकाठच्या महेश्वरला जायचं. तिथले विणकर काठात नदीच्या लाटा काढतात, किल्ल्याच्या भिंती काढतात, ते डोळ्यांनी पाहून यायचं. प्रयागबाईचा हिशेब वेगळा. तिला नर्मदेची ओटी भरायची होती, सौरव पोटात असतानाची बोललेली. सौरव आता चौतीस वर्षांचा आहे.

आता माझी चूक. आमचं बुकिंग दिल्लीच्या एका कंपनीमार्फत होतं. मला मेसेज टाकायचा होता, पण दोन्ही हात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटण्यात गुंतलेले. म्हणून मी फोनला तोंडानेच सांगितलं: बाबनरावले अन् प्रयागबाईले, दोघायले, बारा तारखेले, महेश्वरले जायचं आहे. फोन शिकलेला होता, कुहीचा नव्हता. त्याने लिहिलं:

"बाबनराव लेह अन् प्रयागबाई लेह दोघाय लेह बारा तारखे लेह महेश्वर लेह जायचं आहे."

मी न वाचताच पाठवलं. हात गुंतलेले होते, डोळे मोकळे होते, पण तेवढं सुचायला पाहिजे.

तीन दिवसांनी दिल्लीवाल्याचा फोन आला. आधी म्हणाला, पार्टी को लेह का बहुत शौक है, पांच बार लिखा है. मग म्हणाला की बाबनरावजी आणि प्रयागबाईजींची कागदपत्रं आली, महेश्वरजींचं आधार कार्ड अजून आलं नाही. तीन जागा पक्क्या केल्या आहेत. पैसे परत मिळणार नाहीत.

मालकाने मला समोर उभं करून जे काय म्हटलं त्यातलं लिहिण्याजोगं एवढंच, की तू केलं, तूच निस्तर. तिसऱ्या जागेवर तूच जा, आणि म्हाताऱ्यांना धडधाकट परत आण. विमानाच्या तिकिटावर माझं नाव झालं. पण हॉटेलच्या आणि गाइडच्या यादीत मी शेवटपर्यंत महेश्वरच राहिलो.

तांडापेठेत जाऊन सांगायचं कामही माझंच. बाबनराव मागावर बसले होते. माझं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी दोन दात विणले. मग धोटा बाजूला ठेवला.

"मले काठ पाहाले जायचं होतं गा. बर्फात कोणता काठ राह्यते?"

मी म्हटलं, काका, तिथं पहाड आहेत, वाळवंटही आहे, एकाच तिकिटात दोन्ही. ते म्हणाले की उन्हाळ्यात नागपूरच वाळवंट असते, त्याले तिकीट कायले पाहिजे. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी निकाल प्रयागबाईने दिला. आतून धोट्याच्या कांड्यांवर सूत भरता भरता म्हणाली, पैसे तं गेलेच, मंग आपण काहून मागं राहाव? पिशवीत तिने खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ घातलाच. नर्मदा नाही तर नाही, नदी कोणती तरी असनच.

नारळ दिल्लीच्या विमानतळावर गेला. तपासणीवाल्याने काढून घेतला. प्रयागबाईने त्याला विचारलं की नारळाने विमान कसं पाडतात ते एकदा दाखव. त्याने दाखवलं नाही. तिने मग माझ्याकडे पाहिलं. तो नारळ त्या क्षणी माझ्या नावावर चढला.

लेहला पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं, शरीराला हवेची सवय व्हावी म्हणून. रोज सकाळी गाइड सगळ्यांच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायचा. ऐंशीच्या खाली आकडा गेला की त्याचा चेहरा उतरायचा. बाबनराव खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले, समोरच्या डोंगरांकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं रागावले आहेत. दुपारच्या जेवणात त्यांनी एवढंच म्हटलं की भात कच्चा आहे आणि पहाडावर एकही झाड नाही.

झाड नाही, हे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आपल्याकडे टेकडी म्हटली की तिच्यावर साग, पळस, काहीतरी पांघरलेलं असतं. इथे डोंगर उघडे. वांग्याच्या रंगाचे, विटेच्या रंगाचे, एखादा शेवाळी. आणि आभाळाला लागून त्यांची कड अशी साफ, की कात्रीने कापली असावी.

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडीने खार्दुंग-लाची खिंड ओलांडून नुब्राच्या खोऱ्याकडे निघालो. बाबनराव डाव्या खिडकीशी, प्रयागबाई मधली वाट सोडून उजव्या खिडकीशी. मी मागच्या सीटवर उलट्यांच्या पिशव्या घेऊन. महेश्वरजी, तुम्हारी अम्मा को बोलो खिडकी बंद करे, असं ड्रायव्हर दोनदा म्हणाला. अम्माने बंद केली नाही. घाट उतरता उतरता माझ्या कानावर यायला लागलं की प्रयागबाई पुटपुटते आहे, नऊ, सतरा, सहा. मला वाटलं डोकं गरगरतंय तिचं. खाली चहाला थांबलो तेव्हा बाबनरावांच्या मांडीवर टूरचा कागद उलटा पडला होता. त्याच्यावर पेन्सिलीने दोन रांगा. वर 'मी', खाली 'ती'. 'मी'च्या पुढे १४, ९, २१, ७. 'ती'च्या पुढे ९, १७, ६, ११.

मला वाटलं हे ऑक्सिजनचे आकडे. ऑक्सिजन सात. मी गाइडला ओढत आणलं, सिलिंडर काढा म्हणून. त्याने दोघांच्या बोटांना चिमटे लावले. बाबनराव अठ्ठ्याऐंशी, प्रयागबाई नव्वद. माझा बघितला तर अठ्ठ्याहत्तर. सिलिंडर मलाच लावला.

मी नळी नाकात घालून बसलो होतो तेव्हा बाबनरावांनी समजावलं. ते आकडे दातांचे होते. प्रत्येक शिखर चढायला किती धोटे लागतील, उतरायला किती, ते डोळ्याने मोजून लिहिलेले. प्रयागबाईने चाळीस वर्षं कांड्या भरल्या आहेत, अंदाज तिचाही तेवढाच पक्का. तिच्या बाजूचे डोंगर तिने मोजले.

"पाहून राहिला का बे," ते म्हणाले, "एवढी मोठी करवत पडली आहे, अन् एक दात दुसऱ्यासारखा नाही. मी येडा बाराच मोजत बसलो."

त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. पंधरा वर्षांच्या पोराने शर्यत जिंकून यावं तसा. मी नाकातल्या नळीसकट मान हलवली.

नुब्रातल्या हुंदरला संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवर गेलो. आमच्या गाडीतले सगळे दोन वशिंडांच्या उंटांवर बसून फोटो काढत होते. बाबनराव उंटाकडे बघेनात. वाळूत उकिडवे बसले, चिमूटभर वाळू अंगठा आणि बोटात धरून चोळली, सूत तपासतात तशी. मग मूठभर उचलून उन्हात धरली.

"हे पाह्य वं," त्यांनी प्रयागबाईला बोलावलं. "हा तं आपला कोसा आहे."

ती वाकली, बघितलं, म्हणाली हो, पहिल्या धुण्याच्या आधीचा. मग दोघंही तिथे बसून राहिले. साडीचं अंग खाली पसरलेलं, काठ वर आभाळाला टेकलेला. उंटवाला तिसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा प्रयागबाईने त्याला सांगितलं की बाबू, हमारा काम हो गया. मी मात्र उंटावर बसलो. महेश्वर नावाने एक राइड फुकट होती.

परतीच्या आदल्या दिवशी लेहजवळ सिंधूच्या काठावर तिने ओटी भरली. खण, तांदूळ, हळदकुंकू. पाणी इतकं गार की तिची बोटं लाल झाली. नारळाच्या जागी काय ठेवावं ते तिला कळेना, शेवटी खिशातली दोन जर्दाळू मी दिली. तिने ती ठेवली आणि नदीला सांगितलं की ही तुझी ओटी तुला, नर्मदेची वेगळी आहे, ती अजून बाकी आहे, आणि नारळ या पोट्ट्याकडे आहे. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर महिनाभर बाबनराव मागावरून उठलेच नाहीत. तीन साड्यांचं सूत वाया गेलं. बाराची सवय हाताला इतकी, की सातवर उतरायचं असलं तरी हात पुढे चढत जायचा. शेवटी प्रयागबाई मागाशेजारी पाट टाकून बसली आणि कागदावरचे आकडे वाचत गेली, गाडीत वाचले होते तसे. डावा काठ बाबनरावांच्या खिडकीतला, उजवा तिच्या खिडकीतला. दोन काठ एकमेकांशी जुळत नाहीत, अशी साडी तांडापेठेत कोणी विणली नव्हती. काठाचा रंग वांगी, अंग कोशाच्या मूळ रंगाचं. सौरव रोज कामावरून आला की दारात उभा राहून बघायचा. मापाची टेप त्याने खिशातून काढली नाही, एवढं मी पाहिलं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आम्ही साडी घेऊन इतवारीत गेलो. मी कशाला, तर चूक माझी, म्हणून साक्षही माझी. श्वेताने साडी गादीवर उलगडली. डावा काठ बघितला, उजवा बघितला. पुन्हा डावा.

"काका," ती हळूच म्हणाली, "दात चुकलेत. एकसारखा एकही नाही. गिऱ्हाईक म्हणेल डिफेक्ट आहे, परत आणून देईल."

बाबनरावांनी कात्री खिशातून काढली, उगाच एक सुटलेला धागा कापला, कात्री परत ठेवली. मला वाटलं आता साडीची घडी करतील आणि उठतील. खोलीतलं वॉशिंग मशीन मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

"मंग पहाडच चुकला असन," ते म्हणाले. "मी तं जसा होता तसा आणला."

श्वेता हसली नाही. तिने साडीचं एक टोक मला धरायला दिलं, दुसरं बाबनरावांना, आणि स्वतः दुकानाच्या दारापर्यंत मागे गेली. एक हातगाडीवाला तिच्यामागे अडकला, ओरडला, तरी ती हलली नाही. तिथून तिने बराच वेळ बघितलं. आम्ही दोघं साडी ताणून उभे, मधे कोशाचं मैदान, दोन बाजूंनी डोंगर.

आत येऊन तिने विचारलं की हे कुठले डोंगर. बाबनरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे सगळी गोष्ट मला सांगावी लागली, खर्र्यापासून. तेव्हा मात्र ती हसली, दुकानातली माणसंही हसली. साडी तिने ठेवून घेतली. म्हणाली, दिवाळीपर्यंत अशा चार द्या, आणि प्रत्येकीसोबत मी चिठ्ठी लावेन की दात असे का आहेत. विकल्या तर पुढचं बोलू. विकल्या नाहीत तर मात्र काका, मी काही बोलू शकणार नाही.

चार साड्या म्हणजे दिवाळीपर्यंत माग चालणार. त्यापुढचं त्यापुढे. बाबनराव मात्र दुकानाची पायरी उतरताना अडले. म्हणाले चारही याच कशा विणू, गेलो तं एकदाच होतो. एक कागद, त्याच्या दोन साड्या फार तर. उरलेल्या दोनसाठी दुसरं काहीतरी पाहावं लागन.

"महेश्वर," मी म्हटलं.

"टाइप करून पाठवजो," ते म्हणाले. "तोंडानं नको."

हे सगळं होऊन दीड महिना झाला. बुकिंग अजून केलेलं नाही, ऑफिसात सीझन आहे. पहिली साडी मागावरून उतरली, दुसरी अर्धी झाली आहे. काल प्रयागबाई भाजीला आली होती, ती मुद्दाम वाट वाकडी करून ऑफिसात डोकावली, पाणी प्यायली, माझ्या टेबलावर नजर फिरवली. तिथे एक नारळ ठेवलेला आहे, शेंडीसकट, नर्मदेच्या ओटीसाठी इतवारीतून मीच आणलेला. तिने तो उचलून कानाशी हलवून पाहिला.

"पाणी कमी होऊन राहिलं," एवढं म्हणून गेली.