कडूबाईंची कढई

कडूबाईंची कढई तीन दिवसांपासून माझ्या ओट्याखाली पालथी पडली आहे, आणि ती तिथं असेपर्यंत मला काही झोप लागत नाही. चांगले हातपाय चालत असताना एखादी बाई आपली कढई दुसऱ्याला देऊन टाकते, याचा अर्थ काय घ्यायचा? बजाजनगरच्या त्या खोलीत त्या आता दिवसभर काय करत असतील? घरातले सगळे झोपले, तरी मी तेच घोकत बसले आहे. पुढच्या महिन्यात आमच्या कस्तूचं लग्न आहे. लग्नाची सगळी तयारी माझ्या यादीत आहे. त्यातल्या ‘दुरडी’ या शब्दापुढं मात्र अजून काहीच लिहिता आलेलं नाही. दुरडी म्हणजे लेकीबरोबर सासरी पाठवायची गोडाची टोपली. ती कडूबाईच करणार, हे आठ वर्षांपूर्वी ठरलंय.

शहाऐंशी साली आम्ही बजाजनगरला राहायला गेलो. यांना वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. तेव्हा तिथं अर्ध्या प्लॉटवर शेड आणि अर्ध्यावर ज्वारीची धसकटं होती. पत्र्याच्या खोल्यांची लाइन होती, आणि दोन खोल्यांच्या मध्येही पत्राच होता. पलीकडं कडूबाई आणि त्यांचे मालक बन्सीभाऊ. कडूबाई डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होत्या. प्रेसच्या मशीनशेजारी उभं राहून झाकणं मोजून खोक्यात भरायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आल्या की राखेनं हात घासायच्या आणि कढई चढवायच्या.

पेढे-बर्फी त्यांनी कधी केली नाही. घरात असेल त्याचंच गोड करायच्या. ज्वारीच्या लाह्यांचे लाडू, भोपळ्याच्या घाऱ्या, शिळ्या पोळ्यांचा गूळ घालून मलिदा. लाइनीत कुणाला पहिला पगार झाला, कुणी कंपनीत पर्मनंट झालं, कुणाला मुलगी झाली, की कडूबाईंकडून ताटली यायचीच. तिच्यावर वर्तमानपत्राचा तुकडा आणि वरून एक ताकीद, की ताटली भरून परत देऊ नका, नुसती धुऊन द्या.

माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई, कन्नड तालुक्यातल्या. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्या पहिल्यांदा आमच्याकडं राहायला आल्या तेव्हा शेजारीण कोण, कुठली, हे त्यांनी तासाभरात विचारून घेतलं, आणि बौद्धांचं घर आहे म्हटल्यावर तिकडून आलेली लाह्यांच्या लाडवांची ताटली जागची हलू दिली नाही. मी बी.ए. झालेली, पण सासूपुढं माझी जीभ उचलेना. त्याची लाज अजून वाटते. मधल्या पत्र्याकडं तोंड करून, पलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, “कडूच्या हातचं गोड खायाला आमाला काय येड लागलंय?”

कडूबाईंच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली होती. मरणानं या पोरीला तोंड लावू नये म्हणून आईनं नाव ठेवलं कडू. आमच्या भागात अशी नावं घरोघर आहेत, हे सासूबाईंनाही ठाऊक होतं. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, “आत्याबाई, यमाला कडू लागले म्हणून तं राहिले. तुमी चाखून तं बघा.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नळावरून आले तर ताटलीतला एक लाडू कमी होता आणि सासूबाईंच्या हनुवटीला लाही चिकटलेली होती. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “मेंढराला टाकावा म्हणलं व्हता. पण तुमच्या ह्या बजाजनगरात मेंढरू कुठंय?”

पंधरा दिवसांनी त्या गावी निघाल्या तेव्हा स्वतःहून कडूबाईंच्या दारात गेल्या, त्यांच्या माठातलं पाणी मागून प्याल्या आणि सांगून आल्या, की कस्तीच्या लग्नाची दुरडी तुझ्याच हातची पाहिजे. कस्तू तेव्हा बारा वर्षांची होती.

ही कस्तू सगळा वेळ कडूबाईंच्या स्टोव्हपाशी. तिळाच्या वड्यांचा पाक कडूबाई कधी डोळ्यांनी बघत नसत. उकळत्या गुळाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि ती थाळीवर आपटायची. गोळी थप्प वाजली तर पाक कच्चा. टण्ण वाजली की कढई त्याच क्षणी खाली. “डोळा फसतो, कान नाय फसत,” असं त्या कस्तूला सांगायच्या. गोळी आपटायचं काम कस्तूचं आणि ऐकायचं कडूबाईंचं. हरलेल्या गोळ्या कस्तूच्या पोटात जायच्या. तिच्या दोन दाढा किडल्या त्याचं श्रेय मी कडूबाईंना दिलं, तेव्हा दिलगिरी राहिली बाजूला, त्या नुसत्या हसत बसल्या.

त्या कढईचीही एक गोष्ट आहे. कडूबाईंनी ती मला एकदाच, भांडी घासता घासता सांगितली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून दंगे झाले तेव्हा गावात त्यांचं घर जळालं. घरातून बाहेर निघताना हाताला लागली ती ही कढई. पुढं दोघं कामासाठी इकडं आले. कढईकडं बघून त्या म्हणाल्या होत्या, “बाबासाहेबांचं नाव लागू द्या. त्या दिवशी साऱ्या लाइनीला वड्या करीन, ह्याच कढईत.”

आम्ही एक्क्याण्णवला पुंडलिकनगरला घर घेतलं, तरी येणंजाणं सुटलं नाही. आणि यंदा, बरोबर संक्रांतीच्या दिवशी, सोळा वर्षं अडलेलं ते नाव विद्यापीठाला लागलं. बातमी कळताच आम्ही मायलेकी रिक्षा करून बजाजनगरला गेलो. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जुनंच नाव आहे, तो कागद हातात घेऊन कस्तू वाटभर मला चिडवत होती. लाइनीत निळे झेंडे, हलगी, गुलाल. पोरं नाचत होती. बन्सीभाऊ नाचता नाचता रडत होते. दारातच मोठा स्टोव्ह मांडून कडूबाईंनी पाच किलो गूळ चढवला होता.

त्यांनी गोळी आपटली, थांबल्या. दुसरी आपटली, थांबल्या. कस्तूला मैत्रिणींनी नाचायला ओढून नेलं होतं. पाचव्या-सहाव्या गोळीनंतर त्यांनी तीळ घातले, तोवर पाक काळपट झाला होता. वड्या अशा झाल्या की सुरीचं टोक वाकलं. कुणीतरी खलबत्ता आणला. लोकांनी वड्या फोडून खाल्ल्या, हसत हसत, एकमेकांना दगड मागत. एका पोरानं वडी चोखून चोखून तासभर पुरवली. कुणालाच वाईट वाटलं नाही. सगळे म्हणाले, हलगीच्या दणक्यात कसलं ऐकू येतंय. मलाही तसंच वाटलं.

रविवारी त्या पिशवीत कढई घालून आमच्याकडं आल्या. म्हणाल्या, “कस्तूच्या आई, माझा हात गेला. सोळा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, त्याच दिवशी गेला. दुरडी दुकानातून आणा, पोरीच्या सासरी हसं नको.” मी खूप समजावलं. त्या माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिल्या, आणि उठून गेल्या. मला वाटलं, किती मनाला लावून घेतलंय.

आज रात्री वरण लावलं तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि माझा हात जागीच थांबला. रविवारी त्या अगदी ओट्याला टेकून उभ्या होत्या. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या होत्या. पहिलीला मीच दचकले होते, पण त्यांची पापणीसुद्धा हलली नव्हती. मग एकेक आठवत गेलं. गेल्या दिवाळीत दार वाजवून वाजवून मी शेवटी खिडकीतून हात हलवला होता. बोलताना त्या आता ओठांकडं बघतात. आठ वर्षं त्या प्रेसच्या दणदणाटात उभ्या आहेत. हात कुठं गेलाय? गेलाय तो कान, आणि तेही त्यांच्या ध्यानात आलेलं नाही.

कस्तूला उठवून सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली, डोळे चोळले आणि म्हणाली, “मग ऐकायचं काम मी करते ना. कडूमावशीनं नुसता हात चालवायचा.” एवढं बोलून ती परत झोपली. पोरीच्या लग्नाची काळजी मी करते आणि तोडगा ती झोपेत काढते.

कानाच्या डॉक्टरकडं मी त्यांना नेईनच, त्या नको म्हणाल्या तरी. पण त्याआधी कढई परत गेली पाहिजे.

त्यांच्या लाइनीच्या तोंडाशी सर्जेरावांचं किराणा दुकान आहे, तिथं फोन आहे. सात वाजता दुकान उघडतं. सव्वासातला मी फोन करणार आहे. सर्जेरावांना सांगेन, की दारातून हाका मारू नका, आत जाऊन त्यांच्या समोर उभे राहा आणि सांगा, की येत्या रविवारी दोन किलो तीळ आणि गूळ घेऊन आम्ही मायलेकी येतोय, स्टोव्हमध्ये रॉकेल भरून ठेवा. कढई आम्ही आणतो.