गोल्डन चावत नाही

गेल्या ऑक्टोबरात मला कुत्रा चावला. उजव्या हाताला, अंगठ्याच्या खाली. आमच्याच रस्त्यावर, सकाळच्या उन्हात, चार घरं पलीकडच्या शेजाऱ्याचा कुत्रा. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हळहळतो आणि मग विचारतो, "पिट बुल होता का?" मी म्हणते, "नाही, गोल्डन रिट्रीव्हर." त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं ना, ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आधी नुसती शंका असते. मग हळूच प्रश्न येतो, "मग तुम्ही काय केलंत?"

मी काही केलं नव्हतं. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत आम्ही तीस वर्षांहून जास्त राहतोय आणि त्यातली निम्मी वर्षं तरी मी रोज सकाळी तळ्याला चक्कर मारून येते. त्या दिवशीही परतच येत होते. शेजाऱ्याचं गॅरेज उघडं होतं आणि तो ड्राइव्हवेवर उभा राहून फोनवर बोलत होता. कुत्रा हिरवळीवर मोकळा होता. पट्टा गॅरेजच्या खुंटीवर लटकलेला मी स्वतः पाहिला. कुत्र्याच्या पुढ्यात काहीतरी पडलेलं होतं, मेलेली खार असावी. मी फुटपाथवरून जात होते, त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. तो गुरगुरला. मी थांबले, हात खाली सोडून स्तब्ध उभी राहिले. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही हे मला कुणी शिकवायला नको. पण तो आला, आणि त्याने माझा हात धरला.

धरला म्हणजे धरलाच. आणि त्याचे दात माझ्या हातात असताना मालक फोन कानाला तसाच लावून ओरडला, "डोन्ट वरी, ही इज फ्रेंडली!"

मी किंचाळले. मग त्याने फोन टाकला, धावत आला, कुत्र्याचं मानगूट धरून ओढलं. रक्त बघितल्यावर त्याचा रंग उडाला, हे खरं आहे. त्याने टॉवेल आणून दिला. पण टॉवेल गुंडाळता गुंडाळता म्हणतो काय, तर "त्याने असं आधी कधीच केलेलं नाही. तुम्ही त्याला दचकवलंत बहुतेक."

अर्जंट केअरमध्ये डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, आणि टाके घालणार नाही म्हणाल्या, कारण चाव्याची जखम बंद केली तर आत पू होतो. स्नायूची दोरी दुखावली होती. हाताची मूठ पूर्ण वळायला पुढे महिने लागले आणि आजही थंडीत वळत नाही. नियमाप्रमाणे त्यांनी शहराच्या ॲनिमल कंट्रोलला कळवलं. कुत्र्याला दहा दिवस घरातच ठेवायला सांगितलं गेलं. झालं. इतकंच.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, तो कुत्रा तर किती गरीब आहे. मी गुरुवारी त्यांच्याकडे ब्रिज खेळायला जातो तेव्हा माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो."

"अहो, मग मी काय खोटं बोलतेय?"

"खोटं कुठे म्हणालो मी? पण रिपोर्ट कशाला व्हायला हवा होता? शेजारी आहेत आपले."

मुलगी सिएटलला असते. तिला फोन केला तर ती रडकुंडीला आली, आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "आई, आर यू शुअर इट वॉज द गोल्डन?" माझा हात बँडेजमध्ये, आणि मला विचारतायत की चावला तो कोण हे मला नक्की दिसलं का.

दुसऱ्या दिवशी शेजारीणबाई बनाना ब्रेड घेऊन आल्या. भल्या बाई, इतक्या वर्षांची ओळख. सोफ्यावर बसून त्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की त्यांचा कुत्रा फार दुःखी आहे, जेवतही नाहीये. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे कुत्र्यांची सवय नसते ना. ते घाबरलेल्या माणसाला बरोबर ओळखतात." त्यावर कडी म्हणजे, "आणि तुमच्या हातांना मसाल्यांचा वास येत असेल. त्याला वाटलं असेल खाऊच आहे."

मी त्यांना उठून जा म्हणाले नाही, याचा मला अजून राग येतो. चहासुद्धा दिला, डाव्या हाताने.

कुत्र्यांची सवय नसते! माझं माहेर सांगलीकडचं. पिकं निघाली की धनगर आमच्या रानात मेंढरं बसवायचे, खतासाठी. त्यांच्याबरोबर कुत्री असायची, उंच, कोरड्या अंगाची, पिवळ्या डोळ्यांची. त्या कुत्र्यांच्या वाटेला जायचं नाही हे आम्हा पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. लांडग्याच्या अंगावर जायला बाळगलेलं जनावर, ते पाहुण्याला शेकहँड थोडंच करणार? पण त्यांना कुणी राक्षस म्हटल्याचं आठवत नाही, आणि कुणी गोड तर मुळीच म्हटलं नाही. कुत्रा चावू शकतो, एवढं सगळ्यांनी धरलेलं असायचं. घरी आमचंही एक कुत्रं होतं, भावाने ओढ्यातून उचलून आणलेलं, ते बारा वर्षं माझ्या ताटातलं खाऊन जगलं. एकदा त्याच्या पायात काटा मोडला होता तेव्हा ते मलाही चावलं. आई मला म्हणाली, दुखऱ्या पायाला हात कशाला लावलास? ते योग्यच होतं. पण या गोल्डनच्या मी कुठल्या दुखऱ्या पायाला हात लावला होता?

बँडेज बांधून मी टपालपेटीपर्यंत गेले ते कुणीतरी पाहिलं असणार. दोनच दिवसांत वस्तीच्या ऑनलाइन ग्रुपवर बातमी झळकली, की एका वयस्कर महिलेवर पिट बुलने हल्ला केला. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. ही जातच तशी. यांच्यावर बंदी हवी. मुलांना बाहेर कसं सोडायचं?

आमच्या रस्त्याच्या टोकाला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये एक तरुण मुलगी राहायची, हॉस्पिटलात नर्स. तिच्याकडे करड्या रंगाचा, रुंद जबड्याचा, फाटक्या कानाचा पिट बुल होता. लोक त्याला बघून रस्ता ओलांडत. खरं सांगायचं तर मीही ओलांडत असे. त्या दिवशी दुपारी ती एकटीच आमच्या दारात आली. हॉस्पिटलचे कपडेसुद्धा बदललेले नव्हते.

"मॅम, माझा कुत्रा तुम्हाला चावला का? तो माझ्याजवळच होता, पण सगळे म्हणतायत..."

"तुझा नाही," मी म्हणाले. "तो गोल्डन. चार घरं पलीकडचा."

ती पायरीवरच बसली. तिच्या दारावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती, कुत्र्याला घालवा नाहीतर आम्ही घालवू. मी तिला आत बोलावलं. कॉफी केली. आणि सरळच विचारलं, "पण तुझा चावेल का गं?"

मला वाटलं आता ती म्हणणार, छे, तो माशीलाही मारत नाही. सगळे मालक हेच म्हणतात. ती म्हणाली, "दात आहेत त्याला. दुसऱ्या कुत्र्यांशी तर त्याचं अजिबात जमत नाही. म्हणून मी पट्टा सोडत नाही, आणि गर्दीत त्याला मुसकं बांधते." एवढंच. मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी कुत्र्याविषयी मोठ्या माणसासारखं बोललं होतं.

मी डाव्या हाताने एकेक अक्षर टाइप करून ग्रुपवर लिहिलं, की चावलेली बाई मीच, आणि चावला तो गोल्डन रिट्रीव्हर. उत्तरं काय आली? "लवकर बऱ्या व्हा." "तुम्हाला खात्री आहे? काही पिट बुलही सोनेरी रंगाचे असतात." एकाने तर पिट बुलचा फोटोच पाठवला, ओळखपरेडीसाठी.

महिन्याभरात वस्तीच्या असोसिएशनने सभा बोलावली. विषय, आक्रमक जातींच्या कुत्र्यांवर बंदी. सुरुवातीला त्यात जर्मन शेफर्डही होता, पण कमिटीवरच्या एका बाईंकडे दोन जर्मन शेफर्ड असल्यामुळे तो सभेआधीच गळाला. राहिले पिट बुल आणि रॉटवायलर. म्हणजे आक्रमक कोण हे जबडा बघून ठरायचं नव्हतं, कमिटीत कोण बसलंय हे बघून ठरायचं होतं. गोल्डनचा मालक पहिल्या रांगेत बसला होता, स्वेटर घालून, हसतमुख. नर्स मागे भिंतीशी उभी होती. भाडेकरूंना मत नव्हतं.

अध्यक्षांनी सुरुवातच केली, "आपल्याच वस्तीत नुकतीच एक दुर्दैवी घटना घडली." आणि माझ्याकडे बघून मान झुकवली. मी उठले.

"ती दुर्दैवी घटना म्हणजे मी," मी म्हणाले. "मला गोल्डन रिट्रीव्हर चावला. पट्टा नव्हता. मालक इथेच बसले आहेत. तुम्हाला नियम करायचा तर पट्ट्याचा करा. मोकळा सोडलेला कुठलाही कुत्रा, कुठल्याही जातीचा, त्याच्या मालकाला दंड करा."

अध्यक्ष फार सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या दुखापतीबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच तर आपण हे पाऊल उचलतोय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी अजून उभीच होते, तेवढ्यात त्यांनी हात वर करायला सांगितले. एका घराला एक मत. गोल्डनच्या मालकाचा हात सर्वांत आधी वर गेला. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरून अजून एक हात वर गेला. आमच्या घराचा. माझ्या नवऱ्याचा.

गाडीत बसेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. दार लावल्यावर उघडलं.

"अहो, मला चावला कोण? आणि तुम्ही मत दिलंत कुणाविरुद्ध?"

"अगं, शांतपणे विचार कर. गोल्डन होता म्हणून निभावलं. पिट बुल असता तर हात राहिला असता का?"

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्या जबड्यात ताकद आहेच, आणि ती जात झुंजीसाठी पैदा केली गेली हेही खरं. धनगराचा कुत्रा आणि मांडीवरचं पामेरियन एक नव्हे. जातीला काही अर्थच नाही म्हणणारे लोकही मला तितकेच मूर्ख वाटतात. पण जो चावला नाही त्याला हाकलायचं आणि जो चावला त्याला बिस्किट द्यायचं, हा कुठला शांत विचार?

"चावला असता, राहिला असता," मी म्हणाले. "झालं ते बोला ना. जे झालं नाही त्यावर हात वर करता, आणि जे झालं ते माझ्या हातावर असून तुम्हाला दिसत नाही." ते म्हणाले मी नको तितकं मनाला लावून घेते. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही. तसंही मला पोळी लाटता येत नव्हती. हाताच्या व्यायामासाठी थेरपिस्टने दिलेला रबरी गोळा दाबत बसले आणि दर वेळी कोणाचा तरी गळा आठवला, कोणाचा ते सांगत नाही.

बंदी मंजूर झाली आणि नर्स भर थंडीत घर सोडून गेली. पिट बुल चालेल असं भाड्याचं घर तिला मिळालं ते पार शहराबाहेर, हॉस्पिटलपासून तासाभराच्या ड्राइव्हवर. सामान भरताना मी गेले होते. कुत्रा गाडीत मागे बसला होता. मी खिडकीशी हात पुढे केला नाही, आणि तिनेही कर म्हटलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. ती म्हणाली, "थँक यू फॉर ट्राइंग." मला ते ऐकवेना. माझं नाव पुढे करून तिला घालवलं होतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि मी पुन्हा चालायला लागले. तळ्याच्या वाटेवर समोरून शेजारी आले, आणि पुढे गोल्डन, मोकळा. पट्टा मालकाच्या गळ्यात, मफलरसारखा. माझ्या पुढे एक तरुण आई होती, तिची छोटी मुलगी कुत्रा दिसताच हात पसरून पळाली. आई म्हणाली, "गो अहेड, गोल्डन आहे, काही करत नाही."

मी ओरडले. आधी मराठीतच ओरडले, "अगं थांब, चावतो तो!" मग इंग्रजीत. मुलगी दचकून जागच्या जागी रडायला लागली. शेजारी हसले आणि त्या आईला म्हणाले, "त्यांना कुत्र्यांची भीती वाटते."

त्या बाईने धावत जाऊन मुलीला उचललं आणि वाटेच्या कडेला घेऊन गेली. माझ्यापासून लांब. कुत्रा तिच्या पायाशी शेपटी हलवत उभा होता, त्याला तिने एका हाताने थोपटलंसुद्धा.

मी तिथेच उभी राहून शहराच्या ॲनिमल कंट्रोलला फोन लावला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. जागा सांगितली, वेळ सांगितली, कुत्रा आधी कुणाला चावलाय तेही सांगितलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "जात कुठली?"

"ती लिहू नका," मी म्हणाले. "मालकाचा पत्ता लिहा."