कडू घास घेऊन आलेले प्रभाकरभाऊ

सत्कार समितीचा निरोप आला, पुलावरचा प्रकार गाळून लिहा, प्रसंग आनंदाचा आहे. काऊन गाळायचा? तो गाळला तर भाऊंच्या पंचाहत्तरीला मी लिहू काय, त्यांच्या दुकानातल्या साड्यांचे रंग? मी चौथी शिकलेली बाई. मला गोड लिहिता येत नाही.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, नदीच्या वळणात. पुरात भिंत पडून माझे दीर गेले. गावातलं पीठमीठ सगळं भिजलेलं. तहसीलदार साहेबांनी पुलावर पोलीस उभे केले. म्हणाले, गावात काही जाणार नाही. गाव खाली करा, छावणीत या, तिथं जेवण आहे. पण छावणीत गुरं घेत नव्हते. खुंट्याला बांधलेली गुरं सोडून कोण जाईल? मी भांडायला पुलावर गेले. तिथं भाऊंची पहिली भेट. ते मलकापूरहून पिठाचा टेम्पो घेऊन आले होते आणि अडकून पडले होते.

मी त्यांनाच बोलले, "तुम्ही जासान उद्या घरी. साहेबाचा राग आमच्यावर निघन."

भाऊ म्हणाले, "खरं हाय, बाई. तुम्ही नाही म्हना, आत्ता टेम्पो वळवतो. पन घरी काय झालं तुमच्या?"

मी सांगितलं. आणि म्हटलं, आणा.

आमच्याकडे ज्या घरी मयत होते तिथं चूल पेटत नाही. सोयरे भाकर करून आणतात. तो कडू घास. त्याला कोणी परवानगी मागत नाही. भाऊंनी टेम्पो मागच्या गावात नेला, तिथल्या बायांना पीठ दिलं. दुपारी डोक्यावर टोपलं घेऊन भाऊ पुढं, बाया मागं.

"काय आहे यात?" साहेबांनी अडवलं.

"कडू घास, साहेब. या बाईच्या घरी मयत झाली."

"एका घराला इतक्या भाकरी?"

"भावकी मोठी हाय त्यांची."

एक पोलीस तोंड फिरवून हसला आणि बाजूला झाला. कडू घास अडवायची कोणाचीच छाती झाली नाही. त्या दिवशी सगळ्या गावानं त्या भाकरी खाल्ल्या.

पुलाला तडा गेला होता हे खरं. साहेबांची भीती खोटी नव्हती. पण भीती होती तर दोर बांधून एकेक माणूस सोडायचा होता. माणसं उपाशी ठेवून गाव खाली करायचं, ही कोणती रीत?

पुढं मी म्हटलं तसंच झालं. नुकसानभरपाईत आमचंच गाव मागं पडलं. भाऊ तेव्हाही आले. आमच्यासोबत तहसीलच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "तुम्ही बोला ना, भाऊ, तुमचं ऐकतीन." ते म्हणाले, "गाव तुमचं हाय. बोला तुम्ही, मी हाओ बसून." भरपाई मिळेपर्यंत येत राहिले.

समितीतले काही जण अजून विचारतात, सरकारच्या कामात बाहेरच्यानं पडावं का? आतल्यांनी हो म्हटलं तर पडावं, आणि नंतर पळू नये. भाऊ पळाले नाहीत.

त्या टोपल्यांवरून भाऊंवर पोलीस केस झाली. तिच्यात लिहिलं आहे, बाहेरच्या इसमाने सरकारी कामात अडथळा आणला. बाहेरचा? माझ्या दिराचा कडू घास आणला त्यांनी. तो आणणारा आमचा सोयरा होतो. तरी या वयात भाऊ दर तारखेला एसटीने मेहकरच्या कोर्टात येतात आणि बाकावर एकटे बसतात. मी जाते, पण माझं कोण ऐकतं? ही तर त्यांच्याच बाजूची, म्हणतात.

भाऊंना शंभरी लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, जेवण गोड लागो. पण ती वर्षं त्या बाकावर जायला नकोत. शाल तुम्ही खुशाल घाला. त्या दिवशी टेम्पोत भाऊंच्या शेजारी बसलेले दोघं आज याच समितीत आहेत. नावं मी लिहीत नाही, त्यांची त्यांना माहीत आहेत. सोहळा रविवारी, कोर्टाची तारीख शुक्रवारी. साक्षीला येता की नाही, ते बुधवारपर्यंत माझ्या दारात येऊन सांगा.