माझा बंदुकीचा हक्क आणि आईच्या टिकल्या

कसं सांगू राव, सांगताना मलाच हसू येतंय! पण चूक माझी नव्हती हां. म्हणजे... थोडीशीच होती.

दोन हजार वीसची दिवाळी. लॉकडाऊन. आम्ही आयर्लंडमध्ये, सिटीवेस्टला राहायचो, आणि तिथे फटाक्यांवर बंदी! माझ्याकडे पुण्याहून आणलेली टिकल्या फोडायची लोखंडी बंदूक होती, पण टिकल्या संपलेल्या. मग काय, कचऱ्याच्या डब्यामागे लपलो आणि शेजारच्या शॉनवर तोंडानेच फायरिंग सुरू. "ठो! ठो!"

कुणीतरी पोलिसांना फोन केला. आला ना गार्डा, म्हणजे तिथला पोलीस! सहा फुटी, तोंडावर मास्क.

"बंदूक खाली ठेव, लॅड."

शहाणा मुलगा सॉरी म्हणतो. मी? मी लॉकडाऊनभर यूट्यूब बघितलेलं! "नाही ठेवत! बंदूक बाळगणं माझा घटनात्मक हक्क आहे! सेकंड अमेंडमेंट!"

"ते अमेरिकेत. इथल्या घटनेत बंदुकीचा हक्क कुणालाच नाही. लायसन्स लागतं."

"आम्ही सिटिझन नाही, म्हणून असं बोलता ना?"

"सिटिझन असो, नसो. सगळ्यांना लागतं."

दारात आई पांढरीफटक! बाबांचा सिटिझनशिपचा अर्ज नुकताच दाखल झालेला. घरावर डाग नको म्हणून बाबा मोकळ्या रस्त्यावरही सिग्नलला थांबायचे, बोला!

"अरे शहाण्या, गप बस! बाबांचा पासपोर्ट घालवशील!"

"घाबरायचं नाही, आई! खेळणं आहे, वाजवूनच दाखवतो. कपाटात बघ, टिकल्या उरल्या असतील. आण पटकन!"

आई पळत गेली, पळत आली. हातात काय? कपाळाला लावायच्या टिकल्यांचं पाकीट! लाल, मरून, खड्यांच्या!

गार्डाने पाकीट उलटसुलट केलं. "ह्या गोळ्या?"

आता माघार घेतो का मी? "हो! ह्याच!"

"मग झाड."

लाल टिकली चिकटवली, नेम धरला, चाप ओढला. टिक. शॉन हसून हसून फुटपाथवर बसला.

"खेळणंच आहे, ग्रँड, सगळं ठीक," गार्डा आईला म्हणाला. आईने लगेच बाबांच्या अर्जाचं विचारलं. "अर्जाला काही होत नाही."

आईचा जीव भांड्यात पडला. माझं तोंड मात्र चालूच. "पण सिटिझन नसलो तरी मला हक्क आहेत की नाहीत?"

"आहेत ना. गप्प बसायचाही आहे. तो वापर."

मी अजून काही बोलणार, इतक्यात आईने सगळ्यात मोठी खड्याची टिकली काढली आणि माझ्या ओठांवर चिकटवली.

ठो!