शिफ्टच्या वहीतलं इंग्रजी
कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्ट संपली, की मशिनीचा हाल वहीत इंग्रजीत लिहावा लागे. मी आधीच्या माणसाचंच वाक्य उतरवायचो: ‘पंप इज रनिंग स्मूदली इन द शेड.’ आपलं क्रियापद शेवटी येतं. इंग्रज मात्र आधी पंप चालवतो, मग कसा आन् कुठं ते सांगतो, याचं मला भारी नवल. त्याच नादात एकदा बंद पंपालाही मी तेच लिहिलं. नोकरी कायम व्हायला महिना उरला होता.

“कुठं चालतोय हा?” वही बघून साहेब गरजले.

“साहेब, बंद पडल्याचं इंग्रजी वहीत कुणी लिहिलंच न्हाई.”

साहेबांना हसू फुटलं, नोकरी वाचली. “मग तुम्हीच लिहा!”

घाम पुसत लिहिलं: ‘पंप स्टॉप्ड सडनली इन द शेड.’

पंप दुसऱ्या दिवशी सुरू झाला. वहीत मात्र तो आठवडाभर बंदच होता. पुढच्या शिफ्टचे सगळे माझं वाक्य उतरवत होते.